विंगेतल्या खुर्चीचा दाखला

“उंट,” मी म्हणाले, आणि प्लायवुडच्या पलीकडून म्हातारा ओरडला, “उंट!” मग तो पुन्हा थांबला. मी तीन मोजले. त्याने श्वास धरला होता, तो इकडे ऐकू येत होता. “घोडा,” मी म्हणाले. “घोडा!” तो म्हणाला. असे आम्ही दोघांनी मिळून अकरा प्राणी पार केले, वहिनी. बाराव्याला (तो हत्ती होता, आणि एवढा मोठा हत्ती त्या माणसाला सुचू नये याचं मला खरंच वाईट वाटलं) माझ्या बाजूचं दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातली एक मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली. शाळेत शिकवत होतात तेव्हा परीक्षेत मागे वळणाऱ्या पोरीकडे तुम्ही असंच बघत असाल.

मायना राहिला. मुद्दाम ठेवला, विसरले नाही. हल्ली माझं काही मागेपुढे झालं की घरात त्याची नोंद होते, म्हणून आधीच सांगून ठेवते. तर आता घालते. तीर्थस्वरूप वहिनींना त्यांच्या एकुलत्या एका नणंदेचा वाकून नमस्कार (वाकता येतं, तेही तपासून झालं आहे). तुमचा डावा गुडघा कसा आहे? उजवा अजून त्याची बाजू घेऊन भांडतो का? डोळ्यांत थेंब घालता, की नुसतं बाटलीचं बूच उघडून लावता? इकडे मी ठीक आहे. ठीक आहे की नाही याचाच सध्या शोध चालू आहे, पण मी ठीक आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. नसतं आलं. रविवारी बोलताना तुम्ही मध्येच “हो ना, हो ना” म्हणता तेव्हा तुम्हाला ऐकू आलेलं नसतं. मला ते कळतं, कारण तशाच वेळी मी “नाहीतर काय” म्हणते. गेली चार वर्षं आपण दोघी अशाच एकमेकींशी सहमत होत आलो आहोत. या विषयावर मला सहमती नको, तुमचं लक्ष हवं.

त्या दवाखान्यात मी कशी पोचले ते सांगते. चाळीस वर्षांत तुम्ही माझं एकही नाटक पाहिलं नाहीत (अंधारात बसून लोकांचं खोटं ऐकायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या, हे तुमचं मत मी आमच्या मंडळींना ऐकवलं होतं; सगळ्यांना पटलं), म्हणून आधी माझं काम सांगावं लागेल. मी विंगेत लाकडी खुर्चीवर बसते. मांडीवर संहिता, संहितेवर छोटा दिवा. नट अडला की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द द्यायचा. एवढंच. लोकांना वाटतं, हिला सगळी नाटकं पाठ असतील. एकही नाही. पाठांतर नटाने करायचं, लक्षात कागदाने ठेवायचं, मी फक्त बघायचं. नट दोन कारणांनी थांबतो. थांबायचं ठरलेलं असतं म्हणून, किंवा पुढचं गेलेलं असतं म्हणून. पहिला थांबून श्वास घेतो, दुसरा थांबून श्वास धरतो. या एवढ्याशा फरकावर मी एकेचाळीस वर्षं पोट भरलं. आणि आमच्यात एक रीत आहे. कोण अडलं हे बाहेर सांगायचं नाही. मॅनेजरला नाही, दुसऱ्या नटाला नाही, नवरा होता तोवर त्यालाही नाही. पडदा पडला की कोणीच अडलेलं नसतं.

सध्याच्या नाटकात न्यायाधीशाचं काम राजे करतात. (हे त्यांचं नाव नव्हे. तीस वर्षं मुकुट घालून झाल्यावर लोक राजे म्हणू लागले. त्यांची बायकोही म्हणते, पण तिच्या तोंडून ते कौतुक वाटत नाही.) दुसऱ्या अंकाच्या शेवटी निकाल असतो. राजे उभे राहतात, चष्मा काढतात, आरोपी बाईकडे बघतात आणि थांबतात. चार ठोके. ते मी संहितेच्या कडेवर अंगठ्याने मोजते. चार झाले की राजे म्हणतात, “निर्दोष.” एकशे बारा प्रयोग ते असंच म्हणाले. एकशे तेरावा रविवारी दुपारी होता. चार झाले, पाच झाले, सहा झाले, आणि मी शब्द दिला. जरा मोठ्याने गेला असावा (राजांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि खुर्ची डाव्या विंगेत आहे), कारण पहिल्या तीन रांगांना निकाल न्यायाधीशांच्या आधी कळला. आरोपी बाई ठरल्याप्रमाणे रडू लागली, पण चुकून माझ्याकडे तोंड करून. कोणीतरी टाळी वाजवली. मग राजांना तोच निकाल पुन्हा द्यावा लागला. दुसऱ्यांदा दिलेल्या निकालात काय दम असणार?

रंगपटात राजे माझ्याकडे न बघता आरशाला म्हणाले, “बाई, मी थांबलो होतो. अभिनय करत होतो.” मॅनेजर म्हणाला, “बाई, निकाल विंगेतून लागला हो!” तो वाईट माणूस नाही. फक्त, माझी साठी उलटल्यापासून तो माझ्याशी नदीच्या पलीकडच्या काठावर उभं असल्यासारखा बोलतो. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की विंगेत एक स्क्रीन बसवायचा विचार आहे, त्यावर वाक्यं आपोआप वर सरकतात. मी विचारलं, नट थांबला तर यंत्राला कळणार कसं? म्हणाला, वेळ लावून ठेवता येते. मी म्हणाले, वेळ तर माझ्या अंगठ्याला पण लावलेली आहे, प्रश्न वेळेचा नाही. तो म्हणाला, “वय झालं की लक्ष सुटतं, बाई. आमच्या सासूबाईंचं तसंच झालं.” मी विचारलं, तुमच्या सासूबाई कोणत्या विंगेत बसायच्या? त्यावर तो खोकला, आणि मग म्हणाला की डॉक्टरांचा दाखला आणा, लक्ष आणि समज शाबूत आहे असा. पुढचा प्रयोग वीस तारखेला आहे. तोवर दाखला आला तर खुर्ची राहील. नाही आला तर तिथे स्क्रीनचं स्टँड लागेल.

आता जे लिहिते ते रीत मोडून. गेलं वर्षभर राजे अडतात. एका प्रयोगात सहा वेळा, कधी दहा वेळा. अडले की त्यांचा डावा अंगठा विजारीच्या शिवणीवर फिरतो. तो फिरायला लागला की मी शब्द देते आणि ते इतक्या सफाईने उचलतात की शेजारी उभ्या नटालाही पत्ता लागत नाही. हे मॅनेजरला सांगितलं असतं तर माझा दाखल्याचा त्रास तिथल्या तिथे संपला असता. नाही सांगितलं. स्क्रीन आला तर तो आपल्या चालीने वर सरकत राहील, राजे मागच्याच ओळीवर उभे राहतील, आणि दोन प्रयोगांत सगळ्यांना कळेल. मी बहात्तरची आहे, राजे अडुसष्टचे. दाखला मात्र माझाच मागितला आहे.

लेकीला हे कळल्यावर ती खूश झाली असं मी म्हणणार नाही, पण तिची तयारी होती. कपाटातून वही निघाली. दीड वर्षाच्या नोंदी, तारीखवार. आईने दूध दोनदा आणलं. आईने छत्री बँकेत ठेवली. आईला जेवताना विचारलेलं समजलं नाही. (यंदा तिच्या स्वतःच्या किल्ल्या तीनदा हरवल्या, कुलूपवाला आता तिला नावाने ओळखतो. तो कामाचा ताण. माझी छत्री, ते वय.) जेवताना विचारलेलं का समजत नाही तेही ऐका. आमच्या स्वयंपाकघरात नळ चालू असतो, धूर ओढणारा पंखा चालू असतो, जावई मोबाइलवर बातम्या ऐकत असतात आणि लेक पाठमोरी बोलत असते. वाक्य ती फ्रिजपाशी सुरू करते, मधला भाग नळाखाली धुते आणि शेवट बाल्कनीत नेऊन वाळत घालते. मी म्हणते, काय? मग ती जावयांकडे बघते. ते बघणं मात्र मला पहिल्या फटक्यात समजतं.

तर काल सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो तो बाक नेमका त्या प्लायवुडला टेकलेला. पलीकडे म्हाताऱ्याला सांगितलं होतं की एका मिनिटात सुचतील तेवढे प्राणी सांगा. गाय, म्हैस, कुत्रा झालं आणि तो अडला. वहिनी, मी मुद्दाम काही केलं नाही. माणूस श्वास धरतो आणि माझ्या तोंडून शब्द जातो. समोरच्याची शिंक ऐकून तुम्ही रुमाल पुढे करता, तसं. त्याची चाचणी रद्द झाली. त्याचा मुलगा माझ्या लेकीशी भांडला. लेकीने माझ्या वतीने माफी मागितली, मी स्वतः तिथे उभी असताना. म्हातारा बाहेर आला, कोणीतरी निवृत्त इंजिनचालक होता, माझा हात हातात घेऊन म्हणाला, “अजून अर्धं मिनिट मिळतं ना बाई, तर आपण जंगल रिकामं केलं असतं!”

मग माझी पाळी. पांढऱ्या कोटातल्या मुलीने पाच शब्द सांगितले, ते नंतर विचारणार म्हणाली. दोरी, कावळा, खिडकी, मीठ, शाळा. (आज पाचही आहेत, बघा. काल दहा मिनिटांनी दोनच होते.) तिने पेन उचललं. मी म्हणाले, थांबा, पहिलं अक्षर द्या. ती गोंधळली, पण चांगल्या घरची असावी, तिने दिलं. खि म्हणताच खिडकी आली, का म्हणताच कावळा, आणि मीठ तर तिने ओठ मिटले तेव्हाच आलं. ती म्हणाली, आजी, असं चालत नाही. मी म्हणाले, एकेचाळीस वर्षं असंच चालतं. तुम्ही ज्यांना टाळ्या वाजवता त्या सगळ्यांचं असंच चालतं. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं.

पुढे तिने एक गोष्ट वाचून दाखवली आणि त्यावर प्रश्न विचारणार म्हणाली. ती अशी वाचत सुटली की जणू मागून कोणी धावत येतंय. बाहेर फोन वाजत होता, वर पंखा खडखडत होता. मी हात वर केला. म्हणाले, पंखा बंद करा, दार लोटा, माझ्यासमोर बसा आणि पूर्णविरामाला थांबा. नटाला हा वेग आम्ही तालमीच्या पहिल्या दिवशीसुद्धा चालवून घेत नाही. तिने पुन्हा वाचली. एक बाई बाजारात जाते, पिशवी फाटते, शेजारीण मदत करते. सगळे प्रश्न बरोबर आले. वर मी तिला सांगितलं की गोष्टीत शेजारीण एकदम कुठून उगवते हे कळत नाही, तिला आधी एकदा दारात उभी करायला हवी. आणि बाई फाटकी पिशवी घेऊन का निघाली? घरात काहीतरी बिनसलं असणार, लेखकाने ते लपवलं आहे. ती म्हणाली, हे उत्तरपत्रिकेत नाही. मी म्हणाले, तेच तर.

एके ठिकाणी मी आपटले, तेही सांगते. एका कानाने आकडे ऐकायचे आणि त्याच वेळी कागदावरचे त्रिकोण खोडायचे. आकडे ऐकू लागले की त्रिकोण सुटत, त्रिकोण धरले की आकडे निघून जात. शेवटी मी सगळे चौकोन खोडले आणि पेन्सिल खाली ठेवली.

डॉक्टर चाळिशीचे, नीटनेटके. त्यांनी कागद बघितले आणि लेकीला विचारलं, “आजींना काम करण्याची गरज आहे का?” मी त्याच खोलीत होते, टेबलाच्या याच बाजूला. लेक उत्तर द्यायला लागली तोच मी म्हणाले, आहे. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली, आणि हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते की त्यानंतर ती परत फिरवली नाही. म्हणाले, वेग कमी झाला आहे. एका वेळी दोन कामं जड जातात. गोंगाटात बोलणं पकडता येत नाही. नवं काही सांगितलं तर ते आपोआप वर येत नाही, धागा हातात द्यावा लागतो. पण भाषेची समज उत्तम आहे, आणि शब्द तर माझ्यापेक्षा जास्त आहेत. एकूण वयोमानानुसार. मी विचारलं, कोणाच्या वयोमानानुसार, तुमच्या की माझ्या? ते हसले. लेक हसली नाही.

मग त्यांनी सोळा प्रश्नांचा एक फॉर्म काढला. तो जवळच्या माणसाने भरायचा असतो. दहा वर्षांपूर्वी ही व्यक्ती जशी होती, त्या मानाने आज कशी आहे. लेकीने तिथेच मांडीवर ठेवून भरला, हाताचा आडोसा करून. पण कागद पातळ होता आणि ती पेन दाबून लिहिते. सोळापैकी चौदा ठिकाणी तिने ‘बिघडलं’ लिहिलं. परत येताना रिक्षात माझी पर्स तिने स्वतःच्या मांडीवर धरून ठेवली होती. मला तिचा राग आला नाही. रागाने मार्क देणारा निदान कधीतरी शांत होतो, भीतीने देणाऱ्याचं काय करायचं? डॉक्टरांचंही तेच म्हणणं पडलं असावं, कारण घराबाहेरच्या कोणाकडून आणखी एक फॉर्म भरून आणा म्हणाले. त्याचं बघू.

तर वहिनी, अशी मी आहे. मंद झाले आहे, मान्य. माझ्याशी पाठमोरं बोलू नये, दोघांनी एकदम बोलू नये, आणि नावं लगेच मागू नयेत. शब्द माझ्यापर्यंत उशिरा पोचतात. पण पोचले की ते कोणी पाठवले, का पाठवले आणि वाटेत काय सांडलं हे मला कळतं, आणि हे तिशीत कळत नव्हतं. तिशीत मी सगळं ऐकत होते आणि निम्मं फुकट जात होतं. या बदलाला बिघडणं म्हणायचं असेल तर लोकांनी खुशाल म्हणावं. मी सही करणार नाही. औषधं वेळेवर घ्या, जिना उतरताना कठडा धरा, आणि शेजारणीला तुमची कात्री परत करायला सांगा. सगळ्यांना माझे आशीर्वाद, ज्यांना नको असतील त्यांनाही.

तुमची नणंद

ता. क. — सोबत एक फॉर्म घातला आहे. तो घराबाहेरचा माणूस म्हणजे तुम्ही. मला अठ्ठेचाळीस वर्षं ओळखणारं आता दुसरं कोणी उरलं नाही. दादाला तुम्ही संसारात दहापैकी साडेसहा दिले होते आणि तो ते जन्मभर अभिमानाने सांगत फिरला, कारण तुमच्या शाळेत सहाच्या वर कोणी जात नसे. मला सूट नको. फक्त प्रश्न वाचून उत्तर द्या, माझी काळजी करून देऊ नका. वीस तारखेच्या आत पोचायला हवा.

ता. क. दुसरा — राजांचं वाचलंत ते विसरून जा. (तुम्ही विसरलात तर ते वय नाही, माझ्या सांगण्यावरून.)

ता. क. तिसरा — हे लिहायचं नव्हतं. त्या रविवारी राजे उभे राहिले, चष्मा काढला, मी कडेवर अंगठा ठेवला, आणि पुढचं मला माहीत नाही. झोप नव्हती. कसला विचारही नव्हता. मी तिथे नव्हते, एवढंच. परत आले तेव्हा राजे थांबलेले होते आणि अंगठा कडेवर तसाच होता. सहा ठोके झाले हे मी सगळ्यांना सांगितलं. सहा झाले असतील, तीनही झाले असतील. त्यांचा अंगठा बघायला वेळ नव्हता, म्हणून शब्द दिला. ते अडले होते की खरंच अभिनय करत होते, हे मी सांगू शकत नाही. फॉर्ममधला सातवा प्रश्न लक्षाबद्दल आहे. तिथे काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यावर पेन्सिलने खूण केलेली नाही. (बाकीच्या पंधरांवर केली होती. खोडली. नीट खोडली गेली नसेल तर तिकडे बघू नका.) एकेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. कदाचित दुसऱ्यांदा. पण खुर्ची मला हवी आहे. हेही सगळं लिहून झाल्यावर, मला ती हवी आहे.

बुधवार, सकाळ. पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून लिहिते. साडेनऊला राजे आले, तीन जिने चढून. लेक कामावर गेली होती. चहा नको म्हणाले, मग दोन कप घेतले. रविवारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. वीस तारखेला बाई विंगेत नसतील तर मीही नसेन, असं ते काल संध्याकाळी मॅनेजरला सांगून आले आहेत. मॅनेजर म्हणाला, दाखला तरी येऊ द्या. तेव्हा फॉर्म पाठवाच. निघताना त्यांनी त्या डॉक्टरांचा पत्ता मागितला, एका मित्रासाठी हवा आहे म्हणाले. मित्राचं नाव मी विचारलं नाही. दवाखान्यात फोन केला. सोमवारी अकराची वेळ मिळाली. मी सोबत जाणार आहे.